डेकवर पर्गोला करायचाय: लाकडी की अ‍ॅल्युमिनियम? आणि खांब कुठे रोवायचे?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

घराच्या मागच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, करून घेतला. भिंतीलगत १४ फूट लांब, भिंतीपासून पुढे १२ फूट, जमिनीपासून दोन फूट उंच. तोंड थेट पश्चिमेला. सकाळी तिथून उठवत नाही. दुपारी तीननंतर मात्र फळ्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि पाचला जाऊन बसावं तर ऊन सरळ डोळ्यांत.

आईचं वय ७८. गुडघ्यांमुळे फिरणं बंद झालंय, त्यामुळे तिचं बाहेरचं जग म्हणजे हा डेक. संध्याकाळी समोरच्या झाडांवर पक्षी परततात ते तिला बघायचं असतं आणि नेमकं तेव्हाच तिला आत यावं लागतं. म्हणून पर्गोला, म्हणजे खांबांवर आडव्या पट्ट्यांचा मांडव, करायचं मनावर घेतलंय.

लाकडी करावा की अ‍ॅल्युमिनियमचा, यावर घरात आठवडाभर खल चाललाय. शिवाय खांब डेकच्या फळ्यांवरच बोल्टने आवळले तर चालतील का? वर वेल सोडावा की पॉलिकार्बोनेटचे (टणक प्लास्टिकचे) पत्रे टाकावेत? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आईसाठी करतेय, त्यामुळे एकदाच आणि नीट करायचंय.

भिंगरी

वाचतेय. आमच्या पर्गोलाचा सांगाडा उभा राहिला तेव्हा सहा वर्षांच्या लेकाने वर बघून विचारलं होतं, "आई, याचं छप्पर कधी येणार?"

रंधा

लाकूडच. माझे वडील सुतार, मीही तेच करतो, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगतो. तरीही कारणं देतो.

लाकूड उन्हात तापतं, पण हात लावला तर धातूएवढा चटका देत नाही. दहा वर्षांनी एखादा वासा खराब झाला तर तेवढाच काढून नवा घालता येतो. आता काळजी कशाची घ्यायची ते सांगतो. झाडाच्या गाभ्याचं लाकूड घ्या. सागवान, सीडर, सायप्रस यांचा गाभा बुरशीला आणि किडीला सहजी दाद देत नाही, पण सालीकडचा फिकट भाग त्याच झाडाचा असूनही लवकर कुजतो. विकणारा दोन्ही एकाच नावाने विकतो. फळीच्या टोकाकडे बघून रंगातला फरक डोळ्यांनी तपासा.

दुसरं म्हणजे टोकं. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकातून, कारण झाडाच्या नळ्या तिथेच उघड्या पडतात. जिथे जिथे करवत चालली, जिथे जिथे भोक पाडलं, तिथे जोडणीच्या आधी दोन-तीन हात तेल पाजा. उभं करून झाल्यावर ते टोक हाताला येत नाही. आणि व्हार्निशची चकाकी टाळा. उघड्यावर ती पापुद्रे धरते, मग आधीची सगळी खरवडल्याशिवाय नवा हात देता येत नाही. मुरणारं तेल लावलं तर नुसतं पुसून पुन्हा लावता येतं.

एक इशारा. कुणी पाडकामातलं जुनं, हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड देऊ केलं तर घेऊ नका. पूर्वी त्यात तांबं आणि क्रोमियमबरोबर आर्सेनिकही असे. अमेरिकेत घरगुती कामासाठी ते बनवणं २००३ च्या अखेरीस बंद झालं. त्याचा भुसा नाकात जाऊ देऊ नये आणि तुकडे कधीही जाळू नयेत.

तिरीप

पाऊलवाट, लाकूड की अ‍ॅल्युमिनियम हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न सूर्याचा. तुमचा डेक पश्चिमेला आहे आणि तुम्हाला सावली हवीय पाच वाजता. डोक्यावरचा पर्गोला पाच वाजताचं ऊन अडवतच नाही.

हिशोब करून बघा. छताची उंची ९ फूट धरा. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तेव्हा छताची सावली बरोबर ९ फूट सरकते. तुमच्या बाबतीत ती घराच्या दिशेने सरकणार. म्हणजे छताच्या बाहेरच्या कडेपासून ९ फूट फळ्यांवर ऊनच, सावली भिंतीलगतच्या तीन फुटांत. सूर्य ३० अंशांवर आला की सरक साडेपंधरा फुटांवर जाते. तुमचा डेक १२ फुटांचा. सावली चक्क भिंतीवर चढली!

आता पट्ट्यांबद्दल. दोन इंच जाडीच्या पट्ट्या सहा-सहा इंचांची फट ठेवून मारल्या तर सूर्य माथ्यावर असताना फक्त पाव भाग सावली मिळते. पट्ट्या उभ्या कडेवर बसवल्या तर सूर्य कलल्यावर सावली वाढते. पट्टीची उंची फटीइतकीच असेल तर ४५ अंशांखालचं ऊन अडतं. उंची फटीच्या दुप्पट असेल तर साधारण ६३ अंशांपासूनच अडायला लागतं. मात्र हे तेव्हाच, जेव्हा पट्ट्या सूर्याला आडव्या असतील. पश्चिमेच्या उन्हासाठी त्या दक्षिणोत्तर हव्यात, म्हणजे तुमच्या भिंतीला समांतर. कितीतरी घरी भिंतीतून पुढे येणारे वासे तेवढे दिसतात. मावळतीचं ऊन त्या वाशांच्या मधल्या गल्लीतून थेट आत शिरतं.

म्हणून माझा सल्ला: पैसे नंतर, दोरी आधी. चार बांबू उभे करा, ९ फुटांवर दोरी ओढा, त्यावर जुनी चादर टाका आणि दर अर्ध्या तासाने सावलीची कड खडूने आखा.

पारवा

तिरीप, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. आमचाही डेक पश्चिमेलाच. तीन वर्षं आम्ही पट्ट्या वाढवत बसलोय आणि ऊन काही हटत नाही. का ते आत्ता कळलं.

पाऊलवाट

तिरीप, हा विचार मी केलाच नव्हता. मी रंग निवडत बसले होते. रविवारी बांबू आणते. रंधा, तुमचेही मनापासून आभार.

ओळंबा

खांबांबद्दल कुणी बोललं नाही अजून, म्हणून लिहितो. बांधकामाच्या हिशोबात माझं आयुष्य गेलं, पण हे शिकलो ते स्वतःच्या घरी.

फळ्यांवर खांब बसवू नका. फळी फक्त पायाखालचं वजन पेलण्यासाठी असते. खांबाचा भार खालच्या तुळईवर आणि तिथून जमिनीत जायला हवा. सर्वात चांगलं म्हणजे फळीला चौकोन कापून खांब खाली सोडायचा आणि त्याला जमिनीत स्वतंत्र पाया द्यायचा. कापायच्या आधी डेकखाली वाकून बघा, त्या जागी आधाराचं आडवं लाकूड नाही ना. असेल तर खांब चार इंच सरकवा, पण ते लाकूड कापू नका.

लोक वजनाची काळजी करतात. पर्गोला मात्र खाली बसत नाही, वर उडतो. माझ्या घरी सुरुवातीला उघड्या पट्ट्या होत्या, दोन पावसाळे मजेत गेले. मग घरच्यांना कोरडं बसायचं होतं म्हणून वर पॉलिकार्बोनेट टाकलं. खांब तेच, चार लहान स्क्रूंनी फळ्यांवर धरलेले. एका रात्री वादळात मोठा कडकड आवाज आला. सकाळी बघतो तर एक कोपरा दीड हात उचललेला आणि स्क्रूंबरोबर फळीच्या ढलप्या उपटून आलेल्या. त्या जागी रोज संध्याकाळी माझी धाकटी अभ्यासाला बसायची. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

हिशोब सोपा आहे. ताशी १०८ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ३० मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ५५ किलो येतो. तुमचं १४ बाय १२ चं बंद छत म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर, म्हणजे ढोबळ मानाने साडेआठशे किलोची ओढ, तीही वरच्या दिशेने. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. काँक्रीटचा एक घनफूट सुमारे ६८ किलो. दीड बाय दीड फूट, दोन फूट खोल असा एक खड्डा भरला तर तीनशे किलो, चार खड्ड्यांचे बाराशे. म्हणून पाया लागतो. अर्थात खांब त्या पायाला पोलादी बूट आणि बोल्टने घट्ट धरलेला हवा, नाहीतर पाया जमिनीतच राहतो आणि पर्गोला जातो.

खांबाचं बूड काँक्रीटपासून इंचभर उचललेलं ठेवा, पाण्यात उभं नको. आणि खांब-तुळईच्या कोनात तिरके टेकू द्या, दोन्ही दिशांना. टेकूंशिवाय चौकट पत्त्याच्या घरासारखी डुलते.

रंधा

ओळंबा यांच्या शेवटच्या दोन ओळींना +१. खांब ४ इंची नको, ६ इंची घ्या. बारीक खांब ऊन-पावसात पीळ धरतो आणि मग वरची सगळी जोडणी तिरकी होते. खिळे टाळून आरपार बोल्ट घाला. हल्लीच्या प्रक्रिया केलेल्या लाकडात तांबं जास्त असतं, त्यात साधं लोखंड लवकर खातं. बोल्ट जाड जस्त चढवलेले किंवा स्टेनलेसचे हवेत.

शिंपला

रंधादादा, मी समुद्राजवळ राहते आणि पहिला पर्गोला लाकडीच केला होता. दर वर्षी शिडीवर चढून तेल लावायचं, एक वर्ष चुकलं की काळे डाग. माझे मिस्टर गेल्यावर शिडी धरायलाही कुणी नव्हतं. मग तो उतरवून अ‍ॅल्युमिनियमचा केला. सात वर्षं झाली, मी त्यावर फक्त पाण्याची नळी मारते. देखभाल करणारं माणूस घरात कोण आणि किती वर्षं असणार, हे लाकूड निवडताना कुणी विचारत नाही.

एक मात्र बघा. अ‍ॅल्युमिनियमला दुसरा धातू सरळ टेकवला आणि वर खारी हवा लागली की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी सोडत झिजतं. आमच्या पहिल्या कारागिराने साधे लोखंडी स्क्रू मारले होते, वर्षात प्रत्येक भोकाभोवती फुगवटे आले. आता स्टेनलेसचे स्क्रू आणि मध्ये नायलॉनचे वॉशर आहेत.

रंधा

शिंपलाताई, तुमचं म्हणणं पटलं. शिडीचा मुद्दा मी माझ्या गिऱ्हाइकांना आजवर विचारलेला नाही. यापुढे विचारेन.

पारवा

पट्ट्यांसाठी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) कसं? डेकला तेच वापरलंय, छान टिकलंय.

ओळंबा

पायाखाली, दर दीड फुटावर आधार असताना, छान. वर मोकळ्या गाळ्यात नको. लाकडाच्या मानाने ते खूप लवचीक असतं आणि उन्हात आणखी मऊ पडतं. स्वतःच्याच वजनाने झोल घेतं. तुळई म्हणून तर अजिबात नाही.

जुई

वेलांबद्दल मी लिहू? बागकाम हा माझा जीव आहे.

वेल म्हणजे वजन, हे आधी मनात ठेवा. कॅलिफोर्नियातल्या सिएरा माद्रे गावात १८९४ साली एक विस्टेरिया (फुलांच्या लोंबत्या घोसांचा वेल) लावला. रोपटं एका लहानशा डब्यात मावेल एवढं होतं. आज तो एकरभर पसरलाय, वजन २५० टनांच्या आसपास सांगतात, आणि ज्या घराच्या कडेला लावला होता ते घर त्या वेलानेच मोडलं. घरगुती पर्गोलावर विस्टेरिया चढवायचा असेल तर दर वर्षी कात्री हातात घ्यायची तयारी हवी.

पाऊलवाट, तुमच्या आईंसाठी मी मधुमालती सुचवीन. संध्याकाळी पांढरी उमलते, पुढे गुलाबी होते आणि मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात आणि वास बरोबर त्यांच्या बसायच्या वेळेला दरवळतो. पण तीही जोमाने वाढते, कडाक्याची थंडी असेल तिथे टिकत नाही, आणि पाकळ्या खाली पडतात. ओल्या पाकळ्यांवर पाय घसरतो! गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या वाटेवर वेल नको, कडेला हवा. बोगनवेल दिसते सुरेख, पण काट्यांची डहाळी वाऱ्याने खुर्चीवर लोंबली तर डोळ्याला धोका.

वेल लाकडावर थेट चढवू नका. पानांखाली लाकूड वाळतच नाही. खांबापासून तीन-चार इंच सोडून तार ओढा आणि वेल तारेवर घ्या. तेल लावायच्या वेळी तार सैल करून सगळा वेल बाजूला घेता येतो.

जिथे हिवाळा बोचरा असतो तिथे पानगळीचा वेल उत्तम, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन. द्राक्षवेल त्यासाठी फार जुना सोबती आहे.

जुनी_पाने

जुईने द्राक्षवेलाचं नाव काढलं म्हणून थोडं विषयांतर. पर्गोला हा शब्द इटालियनमधून आला, त्यामागे लॅटिन 'पेर्गुला', म्हणजे पुढे आलेली वळचण. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरातही पर्गोला होता. तिथल्या घरांच्या बागांत दगडी बाकं सापडली आहेत, ज्यांच्यावर वेलांचा मांडव असे. आपण ज्या गोष्टीची चर्चा करतोय तीच: बाहेर बसायचंय, पण उन्हात नाही.

आणि लंडनच्या हॅम्पस्टेडला एक भला मोठा पर्गोला आहे, सुमारे ८०० फूट लांब. बागा आखणारे थॉमस मॉसन यांनी तो साबणाचे कारखानदार विल्यम लिव्हर यांच्यासाठी आखला, काम १९०५ साली सुरू झालं. भरावाला लागणारी माती त्याच वेळी जवळ खणल्या जात असलेल्या भुयारी रेल्वेतून आली. तिथे खांब दगडाचे आणि वरचा सांगाडा लाकडाचा आहे. दोन साहित्यं एकत्र नांदतात, हे या धाग्यापुरतं.

भिंगरी

विषयांतर आवडलं. आता आमचा अनुभव, पॉलिकार्बोनेटचा. पत्र्याच्या एका बाजूला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो, ती बाजू वर हवी. आमच्याकडे उलटे लावले गेले आणि तीन वर्षांत पिवळे पडून तडकले. शिवाय हे पत्रे उन्हात चांगलेच लांबतात. चार मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने सेंटीमीटरभर वाढतो. स्क्रूची भोकं सैल ठेवली नाहीत तर दुपारी वर टकटक आवाज सुरू होतो. पाहुणे दचकून वर बघतात!

ओळंबा

आणि बंद छत घातलं की बऱ्याच ठिकाणी नियमांच्या लेखी तो पर्गोला न राहता बांधकाम ठरतं. हद्दीपासूनचं अंतर, परवानगी, सगळं बदलतं. खड्डे खणायच्या आधी स्थानिक कार्यालयात विचारून घ्या. आणि जमिनीखालून वीज, पाणी, गॅस कुठून जातोय तेही पक्कं करा.

पाऊलवाट

तीन आठवड्यांनी येतेय. बांबू उभे केले, चादर टाकली, भाच्याला खडू दिला. तीन रविवार दुपारी दोन ते साडेसहा आखत होतो. डेकवर आता निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रेघांचं जाळं झालंय.

तिरीप, तुमचं अक्षरशः खरं ठरलं. साडेचारला चादरीची सावली भिंतीला टेकली होती आणि आई तिच्या जागेवर पूर्ण उन्हात. बाहेरच्या कडेला पडदा लावू म्हटलं, तर ती म्हणाली, "मग मी बघू काय, पडदा?" तिचं बरोबर होतं. झाडं दिसावीत म्हणून तर सगळा खटाटोप.

मग एक युक्ती सुचली. आईची खुर्ची बाहेरच्या कडेपासून पाच फुटांवर असते, बसल्यावर तिचे डोळे साधारण चार फुटांवर येतात. बाहेरच्या कडेला चादर वरून खाली, फक्त पाच फुटांच्या उंचीपर्यंत लोंबती सोडली. खाली पाच फूट मोकळं. भाचा आईच्या डोळ्यांच्या पातळीला डोकं आणून बसून राहिला. ऊन खाली सरकत होतं, तरी त्याच्या चेहऱ्यावर सावलीच, आणि चादरीच्या खालून झाडं, कुंपण, पलीकडची टेकडी सगळं दिसत होतं. अगदी शेवटी, सूर्य लाल होऊन खाली आला तेव्हाच तो डोळ्यांत आला, आणि ते ऊन आईला हवंच असतं.

तिरीप

वा! हिशोबातही बसतं. चार फुटांवरचा डोळा, पाच फूट अंतर, पडद्याची खालची कड पाच फुटांवर. म्हणजे सूर्य साधारण ११ अंशांखाली गेल्यावरच दिसणार, मावळतीच्या आधीचा जेमतेम तास. एकच जोड देतो. मावळतीची जागा वर्षभर एक नसते. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो, उन्हाळ्यात वायव्येकडे. तो पडदा दोन्ही कोपऱ्यांवरून दोन-तीन फूट वळवून घ्या.

शिंपला

आईंना पडद्याची खालची कड डोक्याला लागणार नाही ना? उभं राहिल्यावर पाच फूट म्हणजे कपाळाशी येतं.

पाऊलवाट

शिंपलाताई, चांगलं लक्षात आणून दिलंत. पायऱ्या दक्षिणेला आहेत, पश्चिमेच्या कडेला कठडा आहे, त्यामुळे तिथून कुणी येत-जात नाही. दक्षिणेचं वळण पायऱ्यांच्या अलीकडेच थांबवते. तरी खालच्या पट्टीच्या कडा गोल करून घेईन.

आता ठरलं ते असं. खांब आणि तुळया लाकडाच्या, कारण आई येता-जाता खांबाला धरते आणि तिला धातू नको. वरच्या पट्ट्या आणि लोंबता पडदा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, कारण शिडीवर चढून तेल लावणारं आमच्याकडे कुणी नाही. पट्ट्या भिंतीला समांतर. बंद छत नाही, पावसात आम्ही आतच बसू. खांबांची आतली रांग भिंतीपासून तीन फूट सोडून, म्हणजे दारातून आईचा वॉकर सरळ येईल, आणि दुपारी सावली तशीही भिंतीकडेच सरकते. बाहेरची रांग डेकच्या कडेला. मध्यापासून मध्यापर्यंत लांबीत १२ फूट, खोलीत ९. मधुमालती उत्तरेच्या कोपऱ्यात, तारेवर.

रंधा

लाकूड तांब्याची प्रक्रिया केलेलं घेणार असाल तर अ‍ॅल्युमिनियम त्याला थेट टेकू देऊ नका, तांब्यामुळे झिजतं. प्रत्येक टेकणीखाली प्लास्टिकची जाड पट्टी घाला. गाभ्याचं सागवान घेतलंत तर हा प्रश्न येत नाही.

जुई

रोप खांबाच्या बुडाशी नको, दीड-दोन फूट लांब लावा. पायापाशी रोज पाणी साचायला नको. आणि पहिल्या घोसाचा फोटो टाका!

पाऊलवाट

शनिवारी खड्डे खणतोय. आईने तिच्या खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूने गोल करून घेतलेत आणि ते कुणी पुसायचे नाहीत असं बजावलंय.

ओळंबा

काँक्रीट ओतायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा. १२ बाय ९ असल्यामुळे बरोबर १५ फूट यायला हवेत, दोन्हीकडे. एक जरी बोटभर वेगळा आला तरी थांबा, दोरी पुन्हा लावा आणि मगच ओता.